दहाचे अर्धे तीन

माणसानं आठवड्याला किती विष खाल्लं तर चालेल, हे ठरवणारी एक समिती असते. हसू नका, खरंच असते. सरकारी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, लिफ्टमधून उतरलं की डाव्या हाताला, झेरॉक्स मशीनच्या पलीकडे तिची खोली होती. लांबुळकं टेबल, अकरा खुर्च्या. त्यातली एक मोडकी, आणि तिच्यावर कोणी बसायचं यावरून प्रत्येक बैठकीची पहिली पाच मिनिटं जायची. 'विष' हा शब्द तिथे उच्चारायचा नाही, असा अलिखित नियम होता. तिथे म्हणायचं 'दूषितक'. दूषितक म्हटलं की कसं सौम्य वाटतं, दोन दिवस राहून जाणाऱ्या पाहुण्याबद्दल बोलावं तसं.

या समितीची सगळी आकडेमोड ज्याच्या गळ्यात होती त्याला ऑफिसात दशांश म्हणायचे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथेच राहिलं. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात डायरेक्टरसाहेबांनी त्याला विचारलं होतं की उद्याच्या बैठकीला साधारण किती जण येतील. यानं मागच्या दोन वर्षांच्या सह्या मोजल्या आणि सांगितलं, सात पूर्णांक चार दशांश. साहेबांनी चहा मागवताना शिपायाला हाच आकडा सांगितला, आणि तेव्हापासून हा दशांश झाला तो झालाच. त्याला त्याचं वाईटही वाटत नसे. माणसं बोलताना फार अघळपघळ बोलतात, आकडा तसा बोलत नाही, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. चाळिशी उलटेपर्यंत ती समजूत टिकली, हे विशेष.

त्या वर्षी समितीपुढे पारा होता. शहरापासून दोन तासांवर एक मोठं तळं आहे. तळ्याच्या वरच्या अंगाला दिव्यांच्या नळ्या बनवणारा कारखाना होता. त्यानं वीस वर्षं पाण्यात जे सोडलं ते आता माशांच्या अंगात सापडत होतं. कारखाना बंद पडला, मालक कुठे गेले ते कोणाला ठाऊक नाही, मॅनेजर निवृत्त होऊन बागकाम करत होता. पारा तेवढा जागचा हलला नव्हता. तळ्यातल्या पाऱ्याला सरकारी माणसं घाबरत नव्हती, कारण तो दिसत नव्हता. वर्तमानपत्रात आला तेव्हा घाबरली.

आता ही मर्यादा कशी काढतात ते एकदाच सांगतो, नीट ऐका, पुन्हा सांगणार नाही. आधी उंदरांना पारा खायला घालतात. जास्तीत जास्त किती घातला तरी उंदराला काही होत नाही, तो आकडा शोधतात. तो निघाला होता बारा. म्हणजे शरीराच्या दर किलो वजनामागे, दर आठवड्याला, बारा मायक्रोग्रॅम. पुढे प्रत्येक वेळी एवढं लांबण लावणार नाही, नुसता आकडा सांगीन. तर बारा. पण माणूस म्हणजे उंदीर नव्हे. शिवाय सगळी माणसं सारखी नसतात. कोणी म्हातारं असतं, कोणी आजारी, कोणी अजून जन्मायचं असतं. म्हणून त्या बाराला दहानं भागायचं. हा दहा कुठल्या प्रयोगातून आलेला नाही. आपल्याला जे माहीत नाही त्याची भीती म्हणून तो ठेवलेला. बारा भागिले दहा, एक पूर्णांक दोन दशांश. एवढ्यापर्यंत खा, सुखानं राहा.

हा हिशोब समितीला शिकवला होता उंदीरबाईंनी. तीस वर्षं उंदरांवर काम केलेल्या, निवृत्तीला आलेल्या शास्त्रज्ञबाई. समोर सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे, पाठीमागे उंदीरबाई. त्यांना दोन्ही माहीत होतं. बहुतेक वेळा मोडक्या खुर्चीवर त्याच बसायच्या, कारण बाकीच्यांचं भांडण ऐकायचा त्यांना कंटाळा यायचा.

मर्यादा ठरली. आता लोक प्रत्यक्षात किती मासे खातात ते बघायचं होतं. त्यासाठी पाहणी हवी आणि पाहणीला माणसं हवीत. माणसं नव्हती. मग साहेबांनी नामी युक्ती काढली: ऑफिसातल्या प्रत्येकानं आपापल्या ओळखीतल्या घरांतून आठवड्याच्या जेवणाचे फॉर्म भरून आणायचे. दोनशे चाळीस फॉर्म असे जमा झाले. त्यात चौथ्या मजल्यावरच्या लोकांच्या मेहुण्या, शेजारी, मुलांचे शिकवणीमास्तर असा सगळा देश आला. हे लोक आठवड्यातून एकदा मासा खायचे, तोही पाहुणे आले तर. तळ्याकाठची एखादी तरी वस्ती हवी, असं उंदीरबाईंनी धरून बसल्यावर गाडी मागवली गेली. गाडी होती, ड्रायव्हर रजेवर होता. ड्रायव्हर आला तेव्हा गाडी दुरुस्तीला गेली होती.

दशांशची धाकटी बहीण त्याच वस्तीत दिलेली होती. नवऱ्याची होडी होती, घर पाण्यापासून पन्नास पावलांवर. दशांशनं तिच्याकडे वीस फॉर्म पाठवून दिले आणि फोनवर समजावलं की वीस घरांत जाऊन, विचारून, खरं तेवढंच लिही. पंधरा दिवसांत फॉर्म परत आले. त्यानं ते उघडले आणि कपाळाला हात लावला. आठवड्यातून मासे किती वेळा? अकरा. दुसऱ्या फॉर्मवर दहा. तिसऱ्यावर बारा. आणि वीसच्या वीस फॉर्मांचं अक्षर एकच, त्याच्या बहिणीचं.

त्याला वाटलं, झालं, हिनं घरी बसून एका दुपारी सगळे खरडले. बहिणीचा लौकिकही तसाच होता. लहानपणी तिनं अंगणात पाहिलेला साप संध्याकाळपर्यंत वीस फुटांचा झाला होता. शाळेतल्या बाईंनी तिला एक छडी मारली की घरी आल्यावर त्या दहा व्हायच्या. तेव्हापासून घरात तिचं कुठलंही बोलणं दहानं भागून घ्यायची पद्धत पडली होती. आठवड्यात अकरा वेळा मासे? माणसं आहेत की बगळे? शिवाय नियमही होताच: सरासरीपासून फार लांब पडणारी नोंद चूक समजून काढून टाकायची. दशांशनं लाल पेन घेतलं, वीसही फॉर्मांवर 'विश्वासार्ह नाही' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि गठ्ठा रेकॉर्डरूममध्ये पाठवून दिला. बहिणीला काही बोलला नाही. कशाला उगाच तिचं मन दुखवा, एवढा समजूतदारपणा त्याच्याकडे होता.

उरलेल्या फॉर्मांत सगळ्यात जास्त मासे खाणारा माणूस शून्य पूर्णांक नऊ दशांशवर होता. मर्यादा एक पूर्णांक दोन. म्हणजे सगळे आत. समितीनं निर्वाळा दिला की तळ्यातली मासळी खाण्यास सुरक्षित आहे. बिस्किटं आली. पुढच्या आठवड्यात मंत्र्यांनी तळ्याच्या काठावर कॅमेऱ्यांसमोर तळलेला मासा खाल्ला, काट्यासकट, आणि ठसका लागेपर्यंत हसले.

त्यानंतर महिन्याभरानं बहिणीचा फोन आला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, दवाखाने पालथे घालून झाले होते, दोन वेळा आशा लागून गेली होती. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते आणि तिसरा महिना सुखरूप सरला होता. फोनवर ती आधी रडली, मग हसली, मग मुद्द्याला आली. दवाखान्यातली नर्स म्हणाली होती की माशांचं काय ते कोणा जाणकाराला विचारून घ्या. तर तिच्या घरातच जाणकार होता.

"दादा, खाऊ ना रे?" तिनं विचारलं.

"बिनधास्त खा," दशांश म्हणाला. "मी स्वतः तपासलंय."

आणि ताकद येते, बाळाच्या मेंदूला चांगलं असतं, हेही त्यानं वर सांगितलं. ते खोटं नव्हतं, पारा नसलेल्या माशाबद्दल ते खरंच होतं. फोन ठेवल्यावर त्याला फार बरं वाटलं. इतकी वर्षं चौथ्या मजल्यावर कागद काळे केले, त्याचा घरच्या माणसाला उपयोग झाला, असं त्यानं बायकोला दोनदा ऐकवलं.

तिचा सातवा महिना अर्धा झाला तेव्हा तो भेटायला गेला. शनिवारी सकाळी पोचला, रविवारी दुपारपर्यंत राहणार होता. गेल्या गेल्या समोर ताट आलं, ताटात मासा. आपण आलो म्हणून केला असेल, असं त्याला वाटलं. दुपारी मासा. संध्याकाळी शेजारच्या घरी चहाला गेले तर तिथेही चहाबरोबर सुकवलेला मासा भाजून पुढे ठेवलेला. रात्रीच्या जेवणात मासा. सकाळी मेहुणा होडीवर निघाला, त्याच्या डब्यात मासा. बहिणीच्या ताटात सगळ्यात मोठा तुकडा. हाताच्या पंजाएवढा, म्हणजे एकशे वीस ग्रॅमच्या आसपास, असं दशांशच्या डोक्यानं त्याला न विचारता सांगून टाकलं. त्याचा घास तोंडातच फिरायला लागला.

त्यानं सहज विचारल्यासारखं करून ते फॉर्म कसे भरले होते ते विचारलं. बहीण उत्साहानं सांगायला लागली. वीस घरांत गेली होती, काही घरांत दोनदोनदा. वस्तीतल्या निम्म्या बायकांना लिहिता येत नाही, ज्यांना येतं त्यांना सरकारी कागदाची भीती वाटते, म्हणून सगळं हिनंच लिहिलं. हात दुखून आला होता. एकही घर सोडलं नाही.

"आणि अकरा वेळा?" त्यानं विचारलं.

ती ओशाळली. "खरं तर तेरा होतं. पण तुला वाटलं असतं मी फुगवून सांगतेय. म्हणून सगळ्यांचेच दोनेक कमी करून लिहिले."

दशांशनं ताटातलं संपवलं कसं, देव जाणे. परतीच्या बसमध्ये त्यानं तिकिटाच्या मागच्या बाजूवर हिशोब मांडला. तेरा वेळा, एकशे वीस ग्रॅम, माशातला पारा प्रयोगशाळेच्या अहवालातून पाठच होता, बहिणीचं वजन बावन्न किलो. उत्तर आलं तीन पूर्णांक सहा दशांश. त्यानं पुन्हा केला. तीन पूर्णांक सहा. मर्यादेच्या बरोबर तिप्पट.  गेले साडेतीन महिने ती हे खात होती आणि जास्त खात होती, कारण दादानं स्वतः तपासलं होतं.

आता कुठलाही शहाणा माणूस काय करील? पुढच्या थांब्यावर उतरेल, उलटी बस पकडेल आणि बहिणीच्या हातातला घास काढून घेईल. दशांशनं तसं केलं नाही. तो निघताना तिला फक्त एवढंच म्हणाला होता की जरा बेतानं खा, आणि ती हसली होती, की तूच तर बिनधास्त म्हणालास. बसमध्ये त्यानं स्वतःची समजूत घातली. आपण एकट्यानं, तिकिटावर काढलेला आकडा. त्याला काय अर्थ? आधी फॉर्म समितीपुढे ठेवू, समितीचा अधिकृत आकडा येऊ दे, मग तिला सांगू. उगाच तिला घाबरवायचं आणि मग आकडा बदलला तर? माणसाला स्वतःच्या तोंडानं 'मी चुकलो' म्हणायचं नसलं की तो किती शास्त्रीय होतो, बघा.

सोमवारी तो रेकॉर्डरूममध्ये गेला. तिथल्या कारकुनानं आधी गठ्ठा नाहीच म्हणून सांगितलं, मग तो ज्या गठ्ठ्यावर पाय ठेवून बसला होता तोच निघाला. दशांश वीस फॉर्म घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि सगळं सांगितलं. बहीण तेवढी सांगितली नाही. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांना पहिली काळजी पडली ती मंत्र्यांनी खाल्लेल्या माशाची. तो आता परत कसा घेणार? दुसरी काळजी अशी की लाल शाईत 'विश्वासार्ह नाही' लिहिलेल्याखाली सही कोणाची आहे. ती दशांशची आहे हे कळल्यावर त्यांची दुसरी काळजी बरीच हलकी झाली. बैठक बोलावू म्हणाले. बैठकीला तारीख मिळायला दहा दिवस गेले. त्या दहा दिवसांत तळ्याकाठी मासा किती वेळा शिजला, याचा आकडा दशांशला काढता येत होता. त्यानं तो काढला नाही.

बैठकीला नऊ जण आले. उंदीरबाईंनी मोडकी खुर्ची ओढून घेतली आणि सरळ सांगितलं की वस्तीतल्या बायकांना आजच्या आज कळवलं पाहिजे, पोटुशी बाई आणि लहान मुलं यांनी तळ्यातला मासा बंद करायचा आणि सरकारनं त्यांना दुसरं काहीतरी खायला द्यायचं. मासळी संघाचे प्रतिनिधी म्हणाले, असं जाहीर केलं तर उद्यापासून बाजारात कुत्रंही मासा हुंगणार नाही. प्रसिद्धी विभागाच्या बाई म्हणाल्या, त्यापेक्षा 'समतोल आहार घ्यावा' असं पत्रक काढू, त्यात सगळं येतं. यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या वाक्यात काहीच येत नव्हतं, म्हणून ते कोणालाच टोचलं नाही.

मग साहेबांनी घसा खाकरला. त्यांनी या विषयाचा अभ्यास केला होता. म्हणाले, हा जो दहा आहे ना, तो आपल्याला माहिती कमी होती म्हणून होता. बरोबर? आता आपल्याकडे वीस घरांची प्रत्यक्ष माहिती आली आहे, तीही अगदी सगळ्यात जास्त खाणाऱ्यांची. म्हणजे आपलं अज्ञान कमी झालं. अज्ञान कमी झालं की भीतीही कमी व्हायला हवी. तेव्हा तो दहा आता अर्धा करायला शास्त्राची काही हरकत नसावी.

आता दहाचे अर्धे पाच, हे तुम्हाआम्हाला. या धंद्यात दहाचे अर्धे तीन होतात. हा माझा विनोद नाही, त्यांची रीतच आहे. तिथे बेरजेनं मोजत नाहीत, पटीनं मोजतात. तीनदा तीन केले की नऊ, म्हणजे जवळपास दहा. तेव्हा दहापर्यंतच्या वाटेवर तीन हा अर्धा टप्पा. एरवी ही रीत चांगल्या कामाला वापरतात. त्या दिवशी ती साहेबांच्या कामाला आली.

तर ज्या फॉर्मांनी वस्तीतल्या बायकांना वाचवायचं, त्याच फॉर्मांचा आधार घेऊन त्यांच्या वाट्याची भीती कमी करण्यात आली. दशांश हे उघड्या डोळ्यांनी बघत होता. त्यानं आणलेला गठ्ठा टेबलाच्या मधोमध होता आणि त्यावर कोणीतरी बिस्किटांची बशी ठेवली होती.

उंदीरबाई फार चढ्या आवाजात बोलायच्या नाहीत. तेव्हाही बोलल्या नाहीत.

"तो दहा ज्यांच्यासाठी ठेवला होता ना, ते अजून जन्मायचेत," त्या म्हणाल्या. "म्हणून ते इथे येऊन भांडू शकत नाहीत."

साहेबांनी त्यांच्या भावनेचा आदर केला. त्यांनी तसं बोलूनच दाखवलं आणि मग दशांशकडे वळून म्हणाले, जरा भागाकार करा. दशांशच्या हातात खडू आला. फळ्यासमोर उभं राहिल्यावर त्याला काहीतरी बोलायचं होतं. काय बोलायचं ते ओठापर्यंत आलंही होतं: की तीन पूर्णांक सहावाली बाई माझी बहीण आहे आणि सातव्या महिन्यात आहे. पण मग सगळे विचारणार, तुझ्याच बहिणीचे फॉर्म तू कसे खोडलेस? त्यानं गिळून टाकलं आणि बारा भागिले तीन मांडले. उत्तर चार. दशांशसुद्धा नव्हता, इतकं स्वच्छ. चारच्या वर कोण कोण, असं साहेबांनी विचारलं. कोणीच नाही, दशांश म्हणाला. इतिवृत्तात नोंद झाली: मर्यादा ओलांडणाऱ्या व्यक्ती, शून्य. एका बैठकीत एवढ्या लोकांना पूर्वी कोणी बरं केलं नसेल.

उंदीरबाईंनी सही केली नाही. दशांशनं केली. जिन्यात बाईंनी त्याला गाठलं, आणि तो सगळ्यात वरचा फॉर्म कोणाचा, असं विचारलं. फळ्यापुढे त्याचा चेहरा त्यांनी पाहिला होता. त्यानं सांगितलं. सगळं सांगितलं, लाल पेनासकट. बाई एक पायरी खाली जाऊन थांबल्या.

"मग तू इथे काय करतोयस?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली बस त्यानं पकडली. वस्तीत पोचला तर सगळीकडे आनंदीआनंद. बातम्यांत आकडा आधीच पोचला होता. एक पूर्णांक दोनाचे चार झाले म्हणजे तळं तिपटीहून जास्त चांगलं झालं, असा लोकांनी सरळ अर्थ लावला होता, आणि त्यात लोकांचं काय चुकलं? बहीण ओट्यापाशी उभी होती, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात झारा. भावाला बघून तिचा चेहरा फुलला. दादानंच हे केलं असणार, असं ती सकाळपासून शेजारी सांगत सुटली होती.

"दादा, त्या हिशोबात मी किती?" तिनं कौतुकानं विचारलं.

"तीन पूर्णांक सहा."

"म्हणजे मी आत."

"आत आहेस," दशांश म्हणाला. त्याला बसवेना, म्हणून तो उभाच राहिला. मग त्यानं सगळं सांगायला सुरुवात केली. लाल पेन सांगितलं, जुनी मर्यादा सांगितली, तिप्पट सांगितलं, दहाचे तीन कसे झाले तेही सांगितलं. मध्ये मध्ये तो शास्त्राकडे पळत होता, ग्रॅम आणि भागाकार सांगत होता, आणि बहीण त्याला प्रत्येक वेळी मराठीत सांग म्हणून परत आणत होती. तिनं गॅस बंद केला. हातातला झारा बाजूला ठेवला.

"भागताना वजन किती धरलंस?" तिनं विचारलं.

"बावन्न किलो."

"ते माझं झालं. याचं किती धरलंस?" तिचा हात पोटावर होता.

दशांशला खोटं बोलता आलं असतं. त्या दहात ते येत होतं, असं काहीतरी गुंतागुंतीचं सांगता आलं असतं आणि ते अर्धं खरंही होतं.

"धरलंच नाही," तो म्हणाला.

मग त्यानं तिला सांगितलं की आकडा राहू दे बाजूला, बाळ होईपर्यंत आणि त्यानंतरही, तळ्यातल्या माशाला हात लावायचा नाही. ती म्हणाली, हे तुझी समिती सांगतेय का? नाही, तो म्हणाला, समिती उलट सांगतेय, हे मी सांगतोय. बिनधास्त खा म्हणाला होतास तेव्हा कोण बोलत होतं, असं तिनं विचारलं. मीच, तो म्हणाला. तिला रडू फुटलं. दशांशनं तिच्या खांद्यावर हात ठेवला, तो तिनं झटकला. मेहुणा दारात येऊन उभा राहिला होता आणि काय झालंय ते त्याला समजत नव्हतं. जाळं हातातच होतं.

पोटात गेलेलं निघतं का, असं तिनं डोळे पुसून विचारलं. निघतं, पण हळूहळू, त्यानं सांगितलं. पन्नासेक दिवसांत अर्धं. तिनं बोटांवर मोजलं. हातात साठ दिवस होते. म्हणजे अर्धं निघेल आणि अर्धं याच्या वाट्याला, ती म्हणाली. हिशोब असा नसतो, चार ठिकाणी चुकला होता, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दाखवत आलेल्या दशांशला तो दुरुस्त करायला तोंड नव्हतं. बाळाचं काय होईल, हे तिनं विचारलं नाही. त्याला ते माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नसतं, म्हणून तर त्या दहाची गरज होती.

 मग ती ओट्यापासून निघाली, पायात चपला सरकवल्या आणि त्याला म्हणाली, चल. कुठे, असं त्यानं विचारलं. शेजारी आणखी दोघी पोटुशा आहेत आणि प्रत्येक घरात पोरं आहेत, ती म्हणाली, आणि त्यांना हे तुझ्याच तोंडून ऐकायचंय. दशांशच्या डोळ्यांपुढे साहेब आले, इतिवृत्त आलं, त्याखालची स्वतःची सही आली. सरकारी माणसानं सरकारी आकड्याविरुद्ध दारोदार बोलत फिरायचं म्हणजे काय होतं ते त्याला चांगलं ठाऊक होतं. तो तिच्या मागोमाग निघाला, कारण ती थांबली नव्हती.

पहिल्या घरची बाई कडेवर दोन वर्षांची मुलगी घेऊन दारात आली. मुलीच्या हातात माशाचा तुकडा होता आणि ती तो मन लावून चोखत होती. मुलीला तळ्यातला मासा खाऊ घालू नका, असं दशांशनं बाईला सांगितलं. बाईला काही कळेना.

"पण दादा, टीव्हीवर तर चार म्हणाले," ती म्हणाली. "तो आकडा चुकलाय का?"

दशांशनं बहिणीकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती, त्या मुलीकडे बघत होती.

"नाही. तो मीच काढलाय. भागाकार बरोबर आहे," तो म्हणाला. "आकडा खोटा आहे."

बाईनं मुलीच्या हातातून तुकडा काढून घेतला. मुलीनं भोकाड पसरलं. बाई म्हणाली, आत या, बसा आणि मला नीट सांगा.